दुर्बीण घेताना खाऱ्या हवेचा विचार आधी करा

महोदय,

पाऊस सरून आभाळ मोकळं झालं की दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलांना दुर्बीण घ्यावी, असं बऱ्याच पालकांच्या मनात येतं. ऑनलाइन शोधलं की आधी समोर येते ती खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेली, ६० मिमी भिंगाची दुर्बीण. हा आकडा येतो कुठून? मुख्य भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, त्याला ४ मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाने, भागलं की १७५ पट, आणि वर तिप्पट करणारं बार्लो भिंग. गणित बरोबर आहे, पण त्याचा उपयोग नाही. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे इथे १२०. त्यापुढे चित्र नुसतं मोठं, अंधूक आणि फिसकटलेलं होत जातं. स्टँडही एवढा लेचापेचा असतो की फोकसला बोट लावताच गुरू नजरेतून निसटतो. सोबत आयपीसवर बसवायचा छोटा काळा सूर्यफिल्टर आला तर तो फेकूनच द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो.

पहिली खरेदी १० × ५० च्या (दहा पट, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीची, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीची, असावी, असं माझं ठाम मत आहे. हात हलत असतील तर ७ × ५० ची. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवली की गुरूचे चंद्र, कृत्तिका, देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका नीट दिसतो. घेताना लांबच्या विजेच्या खांबाकडे पाहा. दोन चित्रं एकजीव होत नसतील, डोळे ओढल्यासारखे वाटत असतील, तर आतले प्रिझम सरकलेले आहेत.

शनीची कडी पाहायला मात्र निदान २५-३० पट लागतात. तिथे १५० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉबसोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण, उत्तम. २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट, १० मिमीच्या आयपीसने १२० पट. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास, दक्षिणेला झाडं-डोंगर आड नसतील तर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २५ अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो क्षितिजावरही दिसत नाही. विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो असा स्टँड, नवशिक्याने टाळावा. रत्नागिरीत ध्रुवतारा जेमतेम १७ अंशांवर, बहुधा माडांच्या शेंड्यांआड असतो. माउंट तेवढा खाली झुकवला की काही बनावटींत समतोलाच्या वजनाची दांडी तिपाईच्या पायाला अडते.

आता आपल्या समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेचं. डॉबसोनियनची बैठक सहसा लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची असते. दमट हवेत तिच्या कडा फुगतात आणि दुर्बीण अडकत फिरते. आल्याबरोबर उघड्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर सुताराकडून पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची बैठक करून घ्या. रात्री भिंगावर दव धरलं तर पुसू नका. त्यात मिठाचे कण असतात, फडक्याने कोटिंगवर, म्हणजे भिंगावरच्या पातळ लेपावर, ओरखडे उठतात. भिंगापुढे त्याच्या व्यासाच्या दीडपट लांबीची काळ्या फोमची नळी लावली की दव उशिरा धरतं. घरात आणल्यावर झाकण न लावता तासभर पंख्याखाली ठेवा. ओल्या भिंगाला झाकण लावलं की बुरशीला आयतंच घर मिळतं.

मृगाचा पाऊस यायच्या आत आयपीस आणि द्विनेत्री रबरी कडेच्या हवाबंद डब्यात घाला, सोबत ओल शोषणारी १०० ग्रॅम निळी सिलिका जेल. चामडी किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. दर पंधरा दिवसांनी डबा पाहा. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, निळे होईपर्यंत तापवा. त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा, तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. डॉबसोनियनची मोठी नळी दोन्ही तोंडं बंद करून, भिंतीपासून हातभर दूर, कोरड्या खोलीत ठेवा. माळ्यावर कधीच नको. दुर्बीण घेणाऱ्या शाळांनीही ही सोय आधी करावी आणि मगच ऑर्डर द्यावी.

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा भिंगावर टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. लगेच जाणकाराकडून साफ करून घ्या. ती वर्षभर राहिली तर कोटिंग आणि काच दोन्ही खाते, आणि मग पुसूनही डाग जात नाही.

– एक आकाशनिरीक्षक, रत्नागिरी