शंकरनगर चौकात मदतीला धावलेल्या अनोळखी मंडळींचे आभार

आमची आई गेल्या महिन्यात ९१व्या वर्षी गेली. १९६५च्या युद्धात लष्करी परिचर्या सेवेत असताना तिने अंबाल्याला जखमी जवानांची शुश्रूषा केली होती. पुढे नागपुरात आम्हा तिघांना वाढवतानाही चादरीचे कोपरे नीट खोचल्याशिवाय ती कुणाला झोपू देत नसे.

अंबाझरी घाटाकडे जाताना भर पावसात शंकरनगर चौकाजवळ शववाहिका बंद पडली. पन्नाशी ओलांडलेली आम्ही भावंडे नुसती भिजत उभी होतो. तेवढ्यात पानठेल्यावरची पाच-सहा मुले धावत आली आणि त्यांनी गाडी ढकलून कडेला घेतली. एका ऑटोचालकाने फोनाफोनी करून छोटी मालवाहू गाडी मिळवली, तर ठेलेवाल्याने स्वतःच्या ठेल्यावरची ताडपत्री सोडून आईवर धरली. त्याचा माल भिजत होता, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

तिथल्याच एका वृद्ध गृहस्थांची नजर आईच्या पदरावरच्या रक्षा पदकाकडे गेली. आम्ही ते घाईत उलटे टाचले होते. त्यांनी ते हळूच काढले, रुमालाने पुसले, सुलटे करून पुन्हा लावले आणि दोन पावले मागे सरून, ताठ उभे राहून सॅल्यूट केला. ‘जय हिंद, सिस्टर,’ एवढेच म्हणाले.

कुणी एक रुपयाही घेतला नाही, आणि नावे विचारण्याचे भान आम्हाला नव्हते. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताडपत्री आमच्याकडेच आहे. दोनदा येऊन गेलो, ठेला बंद होता. पुन्हा येऊ.