गिल्गमेशला चार ओळीत उरकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत महाकाव्यांच्या नायकांवर लेख होता. त्यात मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराककडच्या) गिल्गमेशला चार ओळी, अर्धा देव, अफाट ताकद, राक्षस मारला, संपलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे तो अर्धा देव नाही, दोन भाग देव आणि एक भाग माणूस असं काव्यातच आहे, आणि सगळी गोष्ट त्या एका भागाची आहे, कारण तेवढ्यामुळंच त्याला मरण आहे.

ताकद तर त्याच्याकडं पहिल्या पाटीपासून आहे (मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं काव्य हे). पण तेव्हा तो नायक वाटतच नाही. उरुकचा राजा असून गावातल्या पोरापोरींना छळतो, लोक गाऱ्हाणं घालतात तर देव त्याला शिक्षा करत नाहीत, त्याच्या तोडीचा एन्किडू मातीतून घडवून पाठवतात. दोघं दारातच भिडतात, झोंबतात आणि मग जिवलग दोस्त होतात. म्हणजे त्या लोकांच्या हिशोबात नायकाला आधी अडवणारा बरोबरीचा माणूस लागतो. पुढं देवदाराच्या जंगलातला राक्षस हुंबाबा काय, स्वर्गातला बैल काय, दोघांनी मिळून मारलेत, एकट्यानं नाही.

मग एन्किडू जातो. सहा दिवस सात रात्री गिल्गमेश प्रेत पुरू देत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. कुऱ्हाड घेऊन हुंबाबावर गेलेला हाच माणूस आता मरणाला भिऊन कातडी पांघरून रानोमाळ हिंडतो आणि कवी ते झाकत नाही, मला तर तिथंच तो मोठा वाटतो.

मरण टाळायचा उपाय शोधत तो प्रलयातून वाचलेल्या अमर उत्नपिश्तिमकडं पोचतो. तो त्याला म्हणतो, आधी सहा दिवस सात रात्री जागून दाखव. हा बसल्याजागी झोपतो. म्हाताऱ्याची बायको रोज एक रोटी भाजून उशाशी ठेवते. उठल्यावर हा म्हणतो आत्ताच तर डोळा लागला, आणि बघतो तर पहिली वाळून गेलीय, पाचवीला बुरशी, सातवी अजून निखाऱ्यावर. भाकरी कधीची आहे ते आपण सोलापूरकर नुसता हात लावून सांगतो, आपल्याला हा पुरावा समजवून सांगायला नको.

पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळते, तीही साप नेतो. रिकाम्या हातानं घरी येतो आणि सोबत आलेल्या नावाड्याला म्हणतो, उरुकच्या तटावर चढ, चालून बघ, विटा भाजलेल्या आहेत का नाहीत ते बघ. भुईकोट किल्ल्याच्या तटाकडनं सकाळी चालताना मला हे कायम आठवतं. काव्याच्या सुरुवातीलाच त्याची ओळख 'ज्यानं खोल पाहिलं तो' अशी आहे, ताकदीचं वर्णन त्याच्या नंतर येतं.

एक विनंती. पुढच्या लेखात लुगलबांडालाही घ्या. मेसोपोटेमियातल्याच सुमेरी भाषेच्या काव्यातला हा पोरगा लष्कराच्या वाटेवर आजारी पडतो, भाऊ त्याला गुहेत सोडून पुढं जातात. तो अंझू नावाच्या अचाट पक्ष्याच्या पिल्लाला खाऊ घालतो, सजवतो. पक्षी खुश होऊन माग म्हणतो ते देतो, तर हा धन घेत नाही, शस्त्रं घेत नाही, न थकता पळणारे पाय मागतो. आणि ते पाय घेऊन राजाचा निरोप पोचवायला एकटा डोंगर ओलांडून जातो.

एक वाचक, सोलापूर