पॅरिसची टॅक्सी आणि अण्णांचा मीटर

पॅरिस,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुऱ्या,

पोटमाळा साफ करताना अण्णांच्या पद्मिनी टॅक्सीचा मीटर सापडला आणि तू तो भंगारवाल्याला द्यायला काढलायस, हा तुझा मेसेज परवाच आला. फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून पत्र. घरी गेल्यावर वाच, गॅरेजमध्ये नको. तिथं तुझे हात ग्रीसनं काळे असतात.

योगायोग बघ. त्याच दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून लेझँव्हालिदला गेलो होतो. नेपोलियनची कबर आहे ती जागा. कबर पाच मिनिटांत उरकली, पण तिथल्या लष्करी संग्रहालयात एका टॅक्सीपुढं तासभर उभा राहिलो. रेनो एजी, १९०५च्या सुमाराची बनावट. ड्रायव्हर पुढं उघड्यावर आणि पॅसेंजर मागं टपाखाली, थेट आपल्या व्हिक्टोरिया घोडागाडीसारखं. चाकांचे आरे लाकडी, स्टिअरिंग उजवीकडं.

तू असतास तर वाकून आधी बॉनेट बघितलं असतंस. पुढं जाळीच नाही! नाक उतरतं, कोळशाच्या सुपासारखं. रेडिएटर इंजिनाच्या मागं, ड्रायव्हरच्या पायांपुढं. वॉटर पंपही नाही. तापलेलं पाणी आपसूक वर चढतं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं. जो भाग नाही तो बिघडणार कसा, हे तुझंच वाक्य मला तिथं आठवलं. इंजिन दोन सिलिंडरचं, हजार-बाराशे सीसीचं. फोटो पाठवतोय, पण काचेत माझंच टक्कल चमकलंय, सांभाळून घे.

या गाडीचा बाप लुई रेनो. वय वर्षं २१, घरच्या बागेतल्या शेडमध्ये खटपट करणारा. द दियों-बुतों कंपनीचं एक सिलिंडरचं इंजिन घेऊन त्यानं छोटी गाडी बनवली आणि १८९८च्या नाताळच्या आदल्या रात्री पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीच्या चढावर, ऱ्यू लपिक या रस्त्यावर, मित्रांसमोर चढवून दाखवली. उतरेपर्यंत डझनभर गाड्यांची मागणी खिशात. खरी करामत गिअरबॉक्समध्ये होती. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांची चाकं साखळीनं फिरायची. यानं शाफ्ट लावला, आणि टॉप गिअरला इंजिनाचा फेरा गिअरच्या दात्यांतून न जाता सरळ मागं पोचवला. आवाज कमी, ताकदीची गळती कमी. आपण रोज टॉप टाकतो, पण त्या पोराचं नाव कोण घेतो? असल्या पोरांच्या जोरावर १९०३ साली जगातल्या जवळजवळ निम्म्या गाड्या एकट्या फ्रान्सनं बनवल्या. त्याच साली लुईचा भाऊ मार्सेल पॅरिस-माद्रिद शर्यतीत अपघात होऊन वारला. इतके अपघात झाले की सरकारनं ती शर्यत बोर्दोलाच थांबवली.

आता टॅक्सीची गोष्ट. सप्टेंबर १९१४, पहिलं महायुद्ध. जर्मन फौजा पॅरिसच्या तोंडाशी. सैन्य पुढं न्यायला आगगाड्या कमी पडल्या, तेव्हा शहराचा लष्करी गव्हर्नर जनरल गालियेनी यानं टॅक्स्या ताब्यात घेतल्या. सहाशेच्या आसपास गाड्या, बहुतेक याच रेनो. एकेका गाडीत पाच-पाच शिपाई, बंदुकांसकट. रात्री पुढचे दिवे बंद. फक्त पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून चालायचं. पंक्चर, चुकलेले रस्ते, सगळं झालं. दोन फेऱ्यांत चारेक हजार माणसं पोचली असतील. एवढ्यानं मार्न नदीकाठची ती लढाई जिंकली असं म्हणणं म्हणजे पोवाडा; बाकीची फौज आगगाडीनं नि पायीच गेली. पण पोवाडा झाला, आणि टॅक्सीवाल्यांचा झाला, हे मला आवडलं.

मला खरं पकडलं ते मीटरनं. लढाईवर निघालेल्या या गाड्यांचे मीटर चालूच होते! सरकारनं नंतर हिशेब केला: मीटरवरच्या आकड्याच्या २७ टक्के ड्रायव्हरला. एकूण खर्च ७०,०१२ फ्रँक. वरचे बारासुद्धा लिहून ठेवलेत.

आणि मला अण्णा दिसले. डाव्या बाजूला बॉनेटपाशी तो डबा, खटकन पाडायची ती पाटी, आत काट्यांचं टिकटिक. मीटरवर एक आकडा, भाडं दुसरंच! दादरला उतरलेला पॅसेंजर वाद घालायला लागला की अण्णा शर्टाच्या खिशातून ते कळकट भाड्याचं कार्ड काढायचे, बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "वाचा साहेब, मी नाही छापलं." आपण दोघं मागच्या सीटवर हसत असायचो. २७ टक्क्यांचं कार्ड त्या फ्रेंच ड्रायव्हरांना कुणी दाखवलं असेल, आणि त्यांनी काय शिव्या दिल्या असतील, ते अण्णांनाच विचार.

जाता जाता एक. तुझ्या पाटीवरचा 'गॅरेज' शब्द फ्रेंच आहे. तुझी पोरं गाडीच्या सांगाड्याला म्हणतात ती 'चेसी'ही. इथं तिला शासी म्हणतात, शेवटचा स गिळून. म्हणजे पोरांचा उच्चार तुझ्या 'चेसिस'पेक्षा बरा. आणि ड्रायव्हरला म्हणतात तो शोफर म्हणजे मुळात भट्टी पेटवणारा, वाफेच्या इंजिनाचा आगवाला.

तर, मीटर देऊ नकोस. किलोवर पितळेचे किती मिळणार, तेवढे मी देतो. डिसेंबरात येतोय. तोवर रॉकेलच्या फडक्यानं पुसून ठेव, पाटी अडकली असेल तर जोर लावू नकोस. ती पाडताना किती दाबायचं हे अण्णांच्या अंगठ्यालाच ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार, अण्णांच्या पाया पडतो.

तुझा,
बंड्या