अण्णा, व्हॉल्व्ह निवडण्याआधी

मँचेस्टर

ती. अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार,

धाकट्यानं पाठवलेला इको पाहिला. महाधमनीच्या झडपेचं उघडणं ०.८ चौरस सेंटिमीटर उरलंय, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ४८. व्हॉल्व्ह बदलायचा यात दुमत नाही. कोणता बसवायचा ते डॉक्टरांनी तुमच्यावर सोडलं म्हणून चिडू नका, ६२ हे वयच अधलंमधलं आहे. अमेरिकेच्या २०२० च्या सूचना या जागेसाठी पन्नाशीच्या आत मेटलचा आणि पासष्टीपुढं टिश्यूचा म्हणतात. युरोपच्या २०२१ च्या सूचनांत तेच आकडे ६० आणि ६५ आहेत. दोन्हीकडं तुम्ही मधल्या फटीत.

टिश्यू व्हॉल्व्हची पाकळी म्हणजे गोवंशाच्या हृदयाभोवतीचं आवरण, नाहीतर डुकराची झडप. माळ घातलेल्या माणसाला हे खटकू शकतं, तेव्हा कशाचा आहे ते आधीच विचारून मनाशी ठरवा, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको. मेटलचा म्हणतात तो खरा कार्बनचा असतो, त्यात हा प्रश्न येत नाही.

ही पाकळी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवतात. कातडं कमवायलाही हे रसायन वापरतात. त्यानं ती चिवट होते आणि शरीर तिला परकी म्हणून फारसं झिडकारत नाही. पण त्याच रसायनाचे उरलेसुरले अंश पुढं कॅल्शियम धरतात. विहिरीवरच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमधलं चामडं आठवा. क्षार चढले की ते ताठतं, मग धड उघडत नाही, नाहीतर चिरून गळायला लागतं. इथंही बिघाड याच दोन तऱ्हांचा. चीर बहुधा पाकळी सांगाड्याला जोडलेली असते तिथं पडते, कारण मिटताना ताण तिथं येतो, आणि ही उघडझाप दिवसाला लाखभर वेळा होते. तरुण वय, निकामी मूत्रपिंड, बीपी, साखर, विडी-सिगारेट, अंगाच्या मानानं लहान व्हॉल्व्ह, यांनी क्षार लवकर चढतात. गल्लीत कुणाचा मायट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा) व्हॉल्व्ह आठ वर्षांत गेला असेल तर त्यावरून आपला हिशेब मांडू नका. मायट्रल मिटतो तेव्हा त्यावर वरच्या बीपीचा, १२० च्या आसपासचा दाब असतो, महाधमनीच्या झडपेवर खालच्या, ८० च्या आसपासचा.

‘किती वर्षं टिकतो’ याला एक आकडा नसतो. फ्रान्समध्ये तूर नावाचं गाव आहे (आपल्या तुरीशी संबंध नाही). तिथल्या रुग्णालयानं १९८४ ते २००८ मध्ये बसवलेल्या पेरिमाउंट या टिश्यू व्हॉल्व्हचा हिशेब मांडलाय. बसवताना साठीच्या आत असलेल्यांपैकी १५ वर्षांनी सुमारे ७१ टक्के आणि २० वर्षांनी ३८ टक्के दुसऱ्या ऑपरेशनाविना राहिले. साठ ते सत्तरच्या लोकांत हेच आकडे ८३ आणि ६० टक्के. यात एक मेख आहे. मोजलंय ते ‘ऑपरेशन झालं नाही’ हे. व्हॉल्व्ह खराब होऊनही थकल्यामुळं ज्याला पुन्हा टेबलावर घेतलं नाही, तो यशाच्या खात्यात राहतो. म्हणून मी तुमच्यासाठी पंधरा वर्षं धरून चालतो. त्यापुढचं मिळालं तर ती कमाई.

मग मेटलचाच का नको? तो झिजत नाही, पण वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो आणि रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या या व्हॉल्व्हला चालत नाहीत. पालेभाजी बंद करायची नसते, वर्षभर सारखी ठेवायची असते, आणि आपल्याकडं घोडं तिथंच अडतं. हिवाळ्यात मेथी, पालक, चुका ताटभर, वैशाखात नुसतं पिठलं. आयएनआर हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, हातात विळा-कोयता, आणि तपासणीला दर खेपेस लातूरची बस. तुमच्यासाठी माझं मत टिश्यूचंच. त्यालाही पहिले तीन ते सहा महिने रक्त पातळ करायची गोळी लागू शकते, पुढं बहुधा ॲस्पिरिन.

पण टिश्यू घेताना पुढच्या व्हॉल्व्हची सोय आजच बघावी लागते. हा खराब झाला की सत्त्याहत्तरीत छाती न उघडता मांडीच्या धमनीतून त्याच्या आत दुसरा बसवता येतो. अडीच इंची पाइपात दोन इंची पाइप घातल्यासारखं ते. पहिलाच १९ किंवा २१ नंबरचा (नंबर म्हणजे मिलिमीटरमधलं माप) असेल तर आत जागा राहत नाही. म्हणून सर्जनना विचारा: २३ किंवा मोठा बसेल का? नसेल तर धमनीचं मूळ रुंद करून बसवाल का? हिशेब असा की व्हॉल्व्हचं प्रत्यक्ष उघडणं अंगाच्या दर चौरस मीटरला निदान ०.८५ चौरस सेंटिमीटर हवं. तुमच्या अंगाचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरलं तर दीडच्या वर. पाकळ्या सांगाड्याच्या बाहेरून बसवलेली बनावट नको, तिच्या आत दुसरा घालताना हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांचं तोंड झाकलं जाण्याचा धोका जास्त. त्याच बनावटीच्या ट्रायफेक्टा या व्हॉल्व्हबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये लवकर खराब होत असल्याची सूचना काढली होती. कुणी ‘पहिलाच मांडीतून घालू’ म्हटलं तर पासष्टीच्या आत अमेरिकन सूचना ऑपरेशनच सांगतात.

ऑपरेशनआधी दात दाखवून किडका काढून घ्या. नंतर दाताचं काम असेल तेव्हा आधी अँटिबायोटिक. व्हॉल्व्हवर जंतू बसले तर पंधरा वर्षांचा हिशेब पंधरा दिवसांत मोडतो. पहिल्या एक-दोन महिन्यांतला इको म्हणजे व्हॉल्व्हचा सातबारा, तो हरवू नका. पुढं दरवर्षी त्याच्याशी ताडून बघायचं. सरासरी ग्रेडियंट त्यापेक्षा १० नं वाढून २० च्या वर गेला तर वाट बघायची नाही. व्हॉल्व्हचं नाव, नंबर, सिरियल लिहिलेलं कार्ड मिळतं, धाकट्याला त्याचा फोटो काढून ठेवायला सांगा.

फुले योजनेतून करणार असाल तर कोणता व्हॉल्व्ह मिळतो, ते नावानिशी आरोग्यमित्राला विचारा. नुसतं ‘टिश्यू’ हे उत्तर पुरं नाही.

क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) आणि सीटीचा रिपोर्ट पाठवा. सीटीत धमनीच्या मुळाचं माप असतं, २३ बसेल की नाही याचा अंदाज तेव्हा सांगतो.

आईला नमस्कार.

तुमचा,
बंडू