चालक घरी, रोबोट लोकांत

महोदय,

घरी बसून दूरच्या कार्यालयात, वर्गात किंवा रुग्णालयात वावरण्याची सोय करून देणारे टेलिप्रेझेन्स रोबोट आता नवलाईचे राहिलेले नाहीत. दीर्घ आजारपणात मी अशाच रोबोटच्या आधारे कामावर हजर राहत असे. त्यामुळे या यंत्राविषयी मला मनापासून आपुलकी आहे आणि त्याच्या वापरातील हयगय म्हणूनच खुपते.

एकदा रोबोट चालवताना पडद्यावरचे चित्र गोठले. मी लगेच बटण सोडले; पण चित्र परत आले तेव्हा समोरून कागदांचा गठ्ठा घेऊन आलेल्या सहकारी बाई घोटा धरून खाली बसलेल्या दिसल्या. सेकंदाला 80 सेंटीमीटर वेगाने चाललेल्या रोबोटचे चित्र आपल्यापर्यंत यायला आणि आपली आज्ञा त्याच्यापर्यंत जायला मिळून अर्धा सेकंद लागला, तरी तेवढ्यात तो 40 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. ब्रेक लागेपर्यंतचे अंतर त्याहून निराळे. म्हणून आज्ञा येणे बंद होताच रोबोटने स्वतःहून थांबले पाहिजे. ते चालकाच्या दक्षतेवर सोडून चालणार नाही. सेन्सरवरही डोळे मिटून विसंबू नये, कारण पारदर्शक काच पुष्कळदा त्यांना दिसतच नाही.

7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सकांनी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील रुग्णाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया रोबोटद्वारे केली, तेव्हा त्यासाठी खास राखीव फायबर लाइन होती आणि रुग्णापाशीही डॉक्टर सज्ज होते. आपण मात्र साध्या वायफायवर रोबोट गर्दीत सोडतो आणि तो थांबवायचे बटण कुठे आहे, हे आजूबाजूच्या कोणालाच सांगत नाही.

दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. हा रोबोट म्हणजे दारादारांतून फिरणारा कॅमेरा आणि मायक्रोफोन आहे. 2016 मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तरीही एकच पासवर्ड साऱ्या विभागात फिरत असल्याचे मी पाहिले आहे. प्रत्येक चालकाचे खाते स्वतंत्र असावे, त्याला दुहेरी पडताळणी असावी आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. सॉफ्टवेअरचे अपडेट रखडू नयेत, हे ओघानेच आले. शिवाय पलीकडे कोणी जोडलेले असेल तर ठळक दिवा लागावा आणि खोलीतल्या माणसाने होकार दिल्याशिवाय रोबोट आत येऊ नये. रुग्णाच्या खाटेशी किंवा मुलांच्या वर्गात तर ही अट शिथिल करता कामा नये. काम संपल्यावर चार्जिंगला लावताना कॅमेरा भिंतीकडे वळवायला मिनिटही लागत नाही.

आमच्याकडे त्या प्रसंगानंतर थांबवण्याच्या बटणावर मोठ्या अक्षरांत पट्टी लावली गेली. घोटा दुखावलेल्या त्या बाईंनीच ते बटण प्रत्येकाला एकदा दाबायला लावले, आणि मगच मी पुन्हा रोबोट चालवला.

– एक वाचक