यंत्राला ‘का?’ विचारता आले पाहिजे

महोदय,

संस्थेची धोरणे ठरवताना संगणकीय तज्ज्ञप्रणालीचा, म्हणजे जाणकारांचे नियम भरलेल्या संगणक-कार्यक्रमाचा, सल्ला घ्यायला माझी हरकत नाही. पण ‘सिस्टिमनेच तसं सांगितलंय’ म्हणून बैठक गुंडाळायची, हे काही पटत नाही.

१९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती काहीशे ‘जर-तर’ नियमांवरून सुचवत असे. तिला मध्येच थांबवून ‘हा प्रश्न का विचारतेस?’ असे विचारता येई आणि ती कोणता नियम तपासते आहे ते दाखवी. आज कोट्यवधी खर्चून घेतलेल्या कित्येक प्रणालींना एवढेही जमत नाही!

आमच्या रजा-धोरणाचेच घ्या. ‘सलग तीन दिवस न कळवता गैरहजर, तर नोटीस’ हा नियम प्रणालीत भरला गेला. दवाखान्यात बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याच्या नावे चौथ्या दिवशी नोटीस निघाली. जुने हेडक्लार्क असते तर त्यांनी आधी घरी फोन लावला असता. तो ‘आधी फोन’ कुठल्याच परिपत्रकात नव्हता, मग प्रणालीत कुठून येणार?

असे अलिखित नियम ज्यांच्या डोक्यात आहेत, त्यांना निवृत्त होण्याआधी समितीत बसवा. आणि धोरणाच्या मसुद्याखाली सही माणसाचीच हवी. चुकले तर जाब कोणाला विचारायचा, सर्व्हरला?

– एक कर्मचारी वाचक