वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी आईच्या वेळेने उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ ऑगस्ट हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. १९७३ साली त्या गेल्या आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्या योजनेच्या केंद्राच्या भिंतीवर आज गावोगावी जो शब्द रंगवलेला दिसतो, 'अंगणवाडी', तो ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या बोर्डीतल्या कामातून आलेला आहे. लग्नानंतरची ताराबाईंची काही वर्षे अमरावतीत गेली, तरी विदर्भात त्यांची आठवण फारशी निघत नाही. पुढे राजकोट, मग भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे काम, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, १९३६ साली दादरचे शिशुविहार. इतके उभे केल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी गेल्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सगळा तपशील त्या दिवशी भाषणांतून येईलच. आम्हाला लिहायचे आहे ते बोर्डी-कोसबाडला त्यांनी एकेक अडचण कशी सोडवली त्याबद्दल, कारण तीच अडचण येत्या दोन महिन्यांत कापूस वेचणीला आपल्या वावरांत उभी राहणार आहे.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली लेकरे तिथपर्यंत येईनात. तेव्हा बाया वस्तीत गेल्या. तिथलेच अंगण झाडायचे, लेकरे गोळा करायची, आंघोळी घालायच्या, नखे काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. ती अंगणवाडी. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे दिसले की शाळेच्या वयाच्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड आहे, म्हणून ती शाळेत येत नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचे नाव विकासवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच कुरणशाळा भरवली. आई-बापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून ही माणसे थांबली नाहीत. लेकरू का येत नाही ते बघितले आणि वेळ, जागा, माणूस यांतले जे चुकत होते ते बदलले.

आता आपल्याकडचे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की कापसाची वेचणी लागते. दसऱ्याच्या आगेमागे पहिला वेचा, दिवाळीनंतर खरी घाई, आणि कोरडवाहूत संक्रांतीपर्यंत तीन-चार वेचे होतात. मजुरी किलोवर असते, म्हणून तासभर उशीर म्हणजे तेवढे पैसे गेले. बाई सकाळी आठाला घर सोडते, संध्याकाळी कापूस मोजून देऊन परतते ती साडेपाच-सहाला. अंगणवाडी साधारण दहाच्या सुमारास उघडते आणि दुपारी बंद होते. म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या लेकराचे सकाळचे दोन आणि दुपारनंतरचे तीन-चार तास उघड्यावर. तीन वर्षांखालच्यांना तर घरी न्यायचा आहार आणि महिन्याचे वजन एवढेच मिळते, बसायला जागा नाही. घरी आजी असली तर निभते. नसली तर चौथी-पाचवीतली बहीण घरी राहते, नाहीतर लेकरू वावरात जाते.

वावरात काय असते ते शेतकरी वाचकांना सांगायला नको. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला झोळी बांधलेली. कपाशीत तुरीच्या ओळी असतात आणि वेचणी चालू असतानाच तुरीवर फवारणी येते. पंप, रिकाम्या बाटल्या, औषध कालवलेली बादली तिथेच पडलेली. औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरायची सवय अजून गेलेली नाही. तो कितीही विसळला तरी प्लास्टिकात मुरलेले औषध निघत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसांचे जीव गेले. लेकराचे वजन कमी, कातडी पातळ आणि प्रत्येक वस्तू तोंडात घालायची सवय, त्यामुळे त्याला फार थोडे पुरते. शिवाय कठडा नसलेली विहीर आणि विंचू-साप आहेतच.

आमचे म्हणणे एवढेच, की वेचणीचे ९० ते १०० दिवस अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवावे आणि त्याची वेळ आईच्या वेळेप्रमाणे असावी. कल्पना नवी नाही. सरकारच्या 'पाळणा' योजनेत महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास आणि एका केंद्रात २५ पर्यंत लेकरे असे मानक आहे. जिथे ते केंद्र नाही तिथे गावाने हंगामापुरते करायचे आहे.

जागेची वाटणी आधी करावी. तीन वर्षांखालची आणि वरची लेकरे एकाच खोलीत मोकळी सोडली की मोठे लहानाला तुडवते किंवा प्रेमाने तोंडात दाणा भरवते. दोन्हींत धोका आहे. मधे अडीच फुटांचा बांबूचा तट्टा लावावा. तो भिंतीला नुसता टेकवू नये, दोन्हीकडे खुंटीला बांधावा, आणि कापलेली टोके वरून सुतळी-कापडाने गुंडाळावी, कारण उभे राहू पाहणारे लेकरू तिथेच हात टाकते. झोळी जमिनीपासून हातभरच उंच, खाली गोधडी, एका झोळीत एकच लेकरू, आणि झोका देणे फक्त मोठ्या बाईचे काम. मोठ्या भावंडाने जोरात झोका दिला की अपघात होतात. तीन वर्षांखालची सहा-सात लेकरे एका बाईला झेपतात. त्यापुढे दुसरी बाई नसेल तर जास्तीची लेकरे घेऊच नयेत. नंतर पस्तावण्यापेक्षा आधी नाही म्हणणे बरे.

अंगावरच्या लेकरांचा प्रश्न सर्वांत नाजूक. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. तेव्हा अशा बाईला गावालगतचे वावर द्यावे आणि दुपारी एकदा पाजायला येऊ द्यावे, ही मुकादम आणि शेतमालक दोघांशी हंगामाआधी बोलून ठेवायची गोष्ट आहे. दूर जावे लागलेच तर जाताना पाजून, हाताने काढलेले दूध उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून ठेवावे. गार जागेत ते चार तास टिकते. दिवाळीच्या आधीच्या आपल्याकडच्या उन्हात तितकाही भरवसा धरू नये. पाजायचे वाटी-चमच्याने. बाटलीचे बूच नीट घासले जात नाही, त्यात दूध आंबते आणि तिसऱ्या दिवशी हगवण लागते. हगवण लागलीच तर ओआरएसचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे. ग्लासभर पाण्यात अख्खे पाकीट ओतणे ही नेहमीची चूक. त्याने मीठ जास्त होऊन लेकरू आणखी बिघडते. झिंक १४ दिवस द्यायचे, सहा महिन्यांवरच्यांना २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्यांना १०. तीन दिवसांत बरे वाटले म्हणून आया गोळ्या थांबवतात, तेव्हा पाळणाघरात रोज समोर द्यावी.

खाण्याचा हिशेब वेगळा करावा लागेल. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरले होते. पण ते घरच्या जेवणाला जोड म्हणून आहे. नऊ तास केंद्रात राहणाऱ्या लेकराला तेवढे पुरत नाही. सकाळी आल्यावर, दुपारी आणि चारच्या सुमारास, असे तीनदा द्यायला हवे. खिचडी पातळ करून ताटे वाढवू नयेत: चमचा तिरपा केला की ती ओघळू नये, इतकी घट्ट हवी. वरून एक लहान चमचा तेल घातले की ४५ कॅलरी वाढतात, पोटाला मात्र जड होत नाही. चारच्या वेळेला उकडलेले अंडे किंवा केळे, ते जमत नसेल तर फुटाण्याचे पीठ आणि गूळ. पीठच. अख्खे फुटाणे, शेंगदाणे लहानांच्या घशात अडकतात.

हात धुवायला तोटीची बादली हवी. २५ लेकरांना दर वेळी अर्धा लिटर धरले तर एका धुण्याला साडेबारा लिटर लागतात, तीन वेळचे जवळपास ३८. भांडी, पिणे, शी-शू वेगळे. म्हणून पाणी कोण भरणार हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे, नाहीतर आठवड्यात हात धुणे बंद पडते.

इतका वेळ बसलेल्या लेकरांना हाताला काम लागते, आणि इथे ताराबाईंची रीत फार उपयोगी. बोर्डीला समुद्र होता, त्यांनी शंख-शिंपले, खडे, पाने घेतली. आपल्याकडे बांबू आहे, चिंचोके, सागरगोटे, पळसाची पाने, मक्याची कणसे आहेत. लांबीवरून संख्येची ओळख व्हावी म्हणून माँटेसरी पद्धतीत दहा पट्ट्या असतात, १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत, प्रत्येक पुढची १० ने मोठी, आणि दर १० सेंटिमीटरला लाल-निळा रंग आळीपाळीने. तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काडीच्या, करायला जाऊ नये. ती वर निमुळती होते आणि मीटरभर सरळ मिळत नाही, मग लेकराला लांबीचा फरक दिसायच्या ऐवजी जाडीचा दिसतो. वाळलेला, सारख्या जाडीचा बांबू घ्यावा, काचकागदाने कुसळ निघेपर्यंत घासावा, गेरू आणि निळीने रंगवावा. मोजायला चिंचोके, पण फक्त तीन वर्षांवरच्यांना, आणि डबीत वीस दिले तर वीस परत मोजून घ्यायचे. गुंजा दिसायला सुंदर म्हणून कुणीतरी आणतेच. त्या विषारी आहेत. एरंडी आणि चंद्रज्योतीच्या बियाही. त्या केंद्राच्या आवारातही नकोत.

कोलाम पोडावर, गोंड टोल्यावर, कोरकू ढाण्यावर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, पाळणाघराची बाई तिथलीच असावी. रडणाऱ्या लेकराला त्याच्याच बोलीत समजावता आले पाहिजे. याला दुसरा उपाय नाही.

हंगामात लेकरू घटले का, हे कळायला दसऱ्याला आणि संक्रांतीला नीट मोजावे. काटा आधी शून्यावर आहे का ते पाहावे आणि वजन माहीत असलेली वस्तू ठेवून तपासावा. लेकराच्या अंगावर कमीत कमी कपडे. दोन वर्षांखालच्यांची लांबी झोपवून मोजतात. उभे करून घेतली तर ती ०.७ सेंटिमीटरने कमी भरते, तेवढी मिळवावी लागते. दंडाची पट्टी डाव्या हाताला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. पट्टी आवळली की धडधाकट लेकरूही लाल रंगात येते, सैल धरली की आजारी सुटते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मधे मध्यम. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबावे. खळगा राहिला तर सूज आहे, आणि मग वजनकाटा काहीही सांगो, लेकरू त्याच दिवशी दवाखान्यात गेले पाहिजे. सुजलेले लेकरू वजनात चांगले भरते आणि म्हणूनच नजरेतून सुटते.

हे सगळे सेविकेच्या माथी मारू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. तिच्याकडे रजिस्टरे आहेत, मोबाइलवरची नोंद आहे, गृहभेटी आहेत. आठ ते साडेपाच एकट्या सेविकेला आणि मदतनिसाला बसवले तर पंधरा दिवसांत पाळणाघर बंद पडेल आणि ठपका त्यांच्यावर येईल. हंगामापुरत्या दोन बाया वेगळ्या हव्यात, रोजच्या मजुरीवर. बचत गटातून मिळतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. शिलाई मशिनी आणि सतरंज्या यांच्याआधी त्यातून ही मजुरी निघावी.

२ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा आहे आणि वेचणी त्यानंतरच लागते. वाचकांपैकी जे सरपंच, सदस्य, बचत गटाच्या ताई किंवा शेतमालक आहेत त्यांनी हा विषय आत्ताच अजेंड्यावर लेखी द्यावा. ठरावात पाच गोष्टी नावानिशी याव्यात: सुरू आणि बंद व्हायची तारीख व वेळ, खोली कोणती, दोन बाया कोण आणि त्यांची मजुरी किती, पाणी कोण भरणार, आणि लेकरू संध्याकाळी कुणाच्या हाती द्यायचे याची वही कोण ठेवणार.

आपले,
निवृत्त अंगणवाडी सेविका व पर्यवेक्षिका,
ग्रामीण यवतमाळ